तिकिटाचा रेट डोळ्यादेखत वाढतो तेव्हा काय करायचं (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींसाठी)

आपल्याकडं मोठा शो होत नाही हे एकदा मान्य करून टाकू. गायक मोठा असला की तो पुण्याला, मुंबईला, बेंगळूरला नाहीतर गोव्याला, आणि आपण मधे. त्यामुळं बेळगावच्या माणसाला तिकिटाचे पैसे वेगळे, जायचे वेगळे, राहायचे वेगळे, आणि एवढं सगळं जुळवून सेलच्या दिवशी अ‍ॅप उघडावं तर सकाळी जे तिकीट साडेतीन हजाराला दिसत होतं ते दुपारी पाच हजार, मग साडेसहा. ग्रुपवर शिव्या सुरू होतात, अर्धे जण म्हणतात घेऊन टाकू काय होतंय, अर्धे म्हणतात लूट आहे राहू दे, आणि या भांडणात टायमर संपतो. हे दरवेळी होतंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शिव्या द्यायच्या त्या द्या की, पण पैसे कसे वाचवायचे ते पण बघू.

पहिलं, रेट वाढवतंय कोण?

बहुतेकांना वाटतं आत कुठलंतरी मशीन बसलंय, किती जण बघतायत ते मोजतंय आणि रेट चढवतंय. तसं पण असतं. रेल्वेचंच बघा, राजधानी, शताब्दी, दुरांतोला सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, दर १० टक्के सीटा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वर, जास्तीत जास्त १.४ पट (आधी दीडपट होती). हे खरं डायनॅमिक, आणि निदान नियम तरी जाहीर आहे.

कॉन्सर्टचं बऱ्याचदा असं नसतं. इंग्लंडात ओअ‍ॅसिस बँड परत एकत्र आला, ३१ ऑगस्ट २०२४ ला तिकीटमास्टरवर सेल लागला, लोक तासन्‌तास ऑनलाईन रांगेत, आणि नंबर लागला तेव्हा दीडशे पाउंडाच्या आसपासचं उभं राहायचं तिकीट ३५५ पाउंडाला. केवढा गदारोळ झाला, तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक प्राधिकरणानं चौकशी लावली. आणि चौकशीत काय निघालं, तर मशीननं मिनिटामिनिटाला रेट वाढवल्याचा पुरावा नाही! उभं राहायच्या तिकिटाचे दोन रेट आधीच ठरवलेले होते, स्वस्त आधी सोडले, संपल्यावर महाग सोडले, आणि रांगेतल्या माणसाला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. वर काही सीटा प्लॅटिनम म्हणून जवळजवळ अडीचपट दरानं विकल्या, त्यात जास्तीचं काहीच मिळत नसताना. सप्टेंबर २०२५ मधे तिकीटमास्टरनं कबूल केलं की असे टप्प्याटप्प्याचे रेट असतील तर २४ तास आधी सांगू.

आता हे आपल्याकडं आणून बघा. अर्ली बर्ड, फेज वन, फेज टू, फायनल फेज. तेच की ते! फक्त आपल्याकडं नावं उघड लिहितात, आणि प्रत्येक फेजमधे तिकिटं किती हे तेवढं लिहीत नाहीत. म्हणजे तुमच्यासमोर रेट उडी मारतो तेव्हा बऱ्याचदा तो आधीच ठरलेला असतो, कुणीतरी ऑफिसात बसून शीटवर लिहून ठेवलेला. शिडी आधीपासून आहे, तुम्हाला फक्त दिसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे: त्यांनी त्यांचे आकडे आधी ठरवलेत तर आपण आपला आकडा टायमर चालू असताना का ठरवायचा?

तिसरा प्रकार ब्लॅकचा, तो पूर्ण वेगळा, त्याच्याबद्दल पुढं लिहितो. या तिघांना एकच समजून लोक चुकीच्या माणसावर चिडतात.

आणि हो, कलाकाराचा हात नसतो असं समजू नका. द क्युअर बँडच्या रॉबर्ट स्मिथनं २०२३ च्या अमेरिका टूरला डायनॅमिक रेट नको म्हणून सांगितलं, वर फी जास्त लावली म्हणून जाहीर आरडाओरडा केला तर तिकीटमास्टरनं लोकांना थोडे पैसे परत दिले. ओअ‍ॅसिसनं पण नंतर अमेरिकेच्या तिकिटांना डायनॅमिक नको म्हटलं. ठरवलं तर होतं. त्यामुळं आपला लाडका गायक "मला काय माहीत, प्रमोटर बघतो" म्हणायला लागला की फार भाबडेपणानं घेऊ नका.

सेलच्या आधी करायची कामं

आकडा ठरवा. तिकिटाचा नाही, पूर्ण ट्रिपचा. समजा तिकीट ४,००० दिसतंय. ५०० च्या वरच्या कॉन्सर्ट तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, रेट टॅक्स सोडून लिहिला असेल तर तिथंच ४,७२० झाले. वर कन्व्हिनियन्स फी, त्या फीवर परत जीएसटी. म्हणजे ४,००० चं तिकीट पाच हजाराच्या घरात गेलं आणि तुम्ही अजून बेळगाव सोडलेलं नाही. त्यात जाऊन-येऊन भाडं, एक रात्र राहायचं, मुंबई असेल तर स्टेशनवरून स्टेडियमला जायची कॅब (रात्री शो सुटल्यावर तिचा पण रेट चढलेलाच असतो), खाणंपिणं, कारण आत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत. सगळं मिळून जो शेवटचा आकडा परवडतो तो लिहा, त्यातून प्रवास आणि राहायचं वजा करा, उरलं ते तिकिटाचं. बरेच जण उलटं करतात, आधी तिकीट काढतात आणि मग खानापूर रोडला कुणाची गाडी मिळते का बघत बसतात.

ग्रुपनं जाणार असाल तर तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक, जास्तीत जास्त किती रुपये. दोन, ठरवलेलं स्टँड (स्टेडियममधला बसायचा भाग) नाही मिळालं तर मागचं चालेल का. तीन, वेगवेगळं बसायला लागलं तर चालेल का. "बघू तेव्हा" म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्याला सेलच्या आधी फोन करून उत्तर घ्या आणि पैसे पण आधी घ्या. लिमिट पण बघून ठेवा, कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या मुंबईच्या शोला एका माणसाला चारच तिकिटं होती, पाचजण असाल तर दोघांनी काढायला लागणार.

अ‍ॅपमधलं शहर बदला. हसू नका, कितीतरी जणांचं इथंच अडतं. अ‍ॅप बेळगाववर सेट असतं, मुंबईचा शो दिसतच नाही, आणि मग बारा वाजता फोन येतो, माझ्याकडं येईना झालंय रे म्हणून. लॉगिन करून ठेवा, नंबर आणि ईमेल दोन्ही व्हेरिफाय करा, ओटीपी येणारं सिम रेंजमधे आहे ना बघा. यूपीआय नवीन फोनवर चालू केलेलं असेल तर पहिले २४ तास लिमिट कमी असतंय, चार तिकिटांचे पैसे जाणारच नाहीत, तेव्हा ते आदल्या दिवशी करू नका. कार्ड सेव्ह करून ठेवलेलं बरं, आणि दुसरा पर्याय हाताशी असू दे.

ठराविक बँकेच्या कार्डवाल्यांना एकदोन दिवस आधी तिकीट मिळतं, स्वस्त फेज तिथंच संपतात कधीकधी. घरात कुणाकडं ते कार्ड असेल तर विचारा, काका-मामा-आत्या सगळे धुंडाळा. पण नुसत्या एका शोसाठी नवीन क्रेडिट कार्ड काढू नका, त्याची वर्षाची फी आणि उशिराचं व्याज बघितलं तर ब्लॅकनं घेतल्यासारखंच होतं.

रेटचं पान आदल्या दिवशी वाचा. आयोजकाच्या इन्स्टा पोस्टवर फेजचं लिहिलेलं असतं, खाली कमेंटमधे लोकांनी विचारलेलं असतं. टॅक्स धरून का सोडून, उभं का बसून, तिकीट ट्रान्स्फर होतं का, शो रद्द झाला तर फी परत का नुसतं तिकीट. रिफंडच्या अटीत फी परत नाही असं बऱ्याच वेळा लिहिलेलं असतं.

सेलच्या दिवशी

कोल्डप्लेचा सेल २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. तिकिटं अडीच हजारापासून ३५ हजारापर्यंत. अ‍ॅप पडलं, परत उठलं, आणि लोकांना रांगेतला नंबर दिसायला लागला तो लाखांत. तेव्हा एवढं गृहीत धरा की मोठ्या शोला पहिला अर्धा तास गोंधळच असणार.

वेटिंग रूम असते, सेल चालू व्हायच्या आधी त्यात जाऊन बसा. बऱ्याच सिस्टिममधे आधी आलेल्या सगळ्यांना बारा वाजता चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर देतात, म्हणजे पहाटेपासून बसून उपयोग नाही पण बारा वाजून दोन मिनिटांनी आलात तर मागं. रिफ्रेश करू नका. परत सांगतो, रिफ्रेश करू नका, नंबर जातोय. एकच अकाउंट तीन फोनवर उघडलं तर काही ठिकाणी बाहेर काढतात, त्यापेक्षा ग्रुपमधल्या प्रत्येकानं आपापल्या अकाउंटनं बसायचं आणि ज्याचा नंबर आधी लागला त्यानं सगळ्यांचं काढायचं. आणि काढलं की लगेच ग्रुपवर टाकायचं, नाहीतर दोघांनी काढून आठ तिकिटं गळ्यात!

नेट: घरच्या वायफायवर बसायचं असेल तर हेस्कॉमचा भरवसा धरू नका, लाईट गेली की राउटर गेला. मोबाईल डेटा चालू ठेवा. पावसाळ्यात खानापूर, कणकुंबी भागातल्या मंडळींनी सरळ शहरात मित्राकडं येऊन बसावं, चहा पण होतो.

आता मुख्य गोष्ट. नंबर लागला, आत गेलात आणि ठरलेल्यापेक्षा रेट जास्त दिसतोय. वर टायमर पळतोय. हे पान बनवलंयच असं की तुम्ही विचार करू नये, कारण तासभर रांगेत थांबलेला माणूस रिकाम्या हातानं परत जायला तयार नसतो, ओअ‍ॅसिसच्या वेळी पण लोकांची हीच तक्रार होती की एवढा वेळ घालवल्यावर नाही म्हणायला जीव होईना. तेव्हा या क्षणाला नवीन निर्णय घ्यायचा नाही. कागदावर आकडा आहे ना, त्याच्या आत असेल तर घ्या, बाहेर असेल तर आधी दुसरं स्टँड बघा, मग दुसरा दिवस बघा, मग चारऐवजी दोन-दोन करून बघा. एकत्र चार सीटा नसतात पण जोडीनं असतात, हे खूप वेळा होतं. तरी नाही बसलं तर बाहेर या. हजार-पाचशे वर गेलं तर जाऊ दे म्हणणारा ग्रुपमधे असतोच, त्याला विचारा, हेच हजार-पाचशे प्रत्येकी, चौघांचे मिळून किती झाले आणि परतीच्या तिकिटाचं काय.

"फक्त ३ शिल्लक", "आत्ता २,००० लोक बघतायत" असल्या पाट्यांनी घाबरू नका. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर हळूच चार्ज वाढवणं, न विचारता कार्टमधे काहीतरी टाकणं, या सगळ्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत डार्क पॅटर्न म्हटलंय आणि बंदी घातलीय, एकूण १३ प्रकार आहेत. पैसे भरायच्या आधी कार्ट उघडून बघा, डोनेशन, इन्शुरन्स, पार्किंग असलं काय आपोआप टिक झालेलं असेल तर काढा. आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पहिल्या पानावरचा रेट आणि शेवटचा, दोन्ही.

नाही मिळालं तर

लगेच ब्लॅककडं पळू नका. मोठ्या शोला मागणी दिसली की दुसरा शो लागतो. कोल्डप्लेचे मुंबईत १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच होते, सेलच्याच दिवशी २१ तारीख वाढवली, पुढं अहमदाबादला २५ आणि २६. आणि गंमत म्हणजे २६ चा शो हॉटस्टारवर लाईव्ह दाखवला, म्हणजे ज्यांनी लाखभर देऊन ब्लॅकनं घेतलं त्यांचं काय झालं असेल विचार करा.

दुसरं, शोच्या आधीच्या आठवड्यात परत अ‍ॅप उघडा. स्टेज बांधून झालं की कुठून दिसतंय कुठून नाही ते कळतं, मग अडवून ठेवलेल्या सीटा सोडतात, स्पॉन्सरच्या उरलेल्या पण येतात. ज्यांनी विकायला म्हणून जादा घेतलेली असतात ते पण आता घायकुतीला आलेले असतात, संध्याकाळच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी देतात तसं. पण बेळगावकराला इथं अडचण आहे, पुण्याचा माणूस संध्याकाळी चारला तिकीट घेऊन सहाला गेटवर पोचेल, आपल्याला आदल्या रात्रीच निघायला लागतं. म्हणून ही युक्ती गोव्याच्या शोला चालते, चोर्ल्यातून गाडी काढली की झालं. मुंबई-बेंगळूरला तिथं कुणी नातेवाईक असेल आणि दुसरं काम पण असेल तरच.

घ्यायचंच असेल तर अधिकृत रिसेल असलेल्या अ‍ॅपवरून, जिथं जुनं तिकीट रद्द होऊन तुमच्या नावावर नवीन निघतं. टेलिग्राम, इन्स्टा स्टोरी, "भावाला ऐनवेळी काम निघालं" असल्या मेसेजवरून नाही. एकच क्यूआर दहा जणांना विकतात आणि गेटवर पहिला आत जातो. कोल्डप्लेच्या वेळी बुकमायशोनं स्पष्ट सांगितलं होतं की व्हायागोगो आणि गिग्सबर्ग या तिकीट परत विकणाऱ्या साईटशी आपला काही संबंध नाही, तरी तिथं लाखांत रेट लागले होते, आणि ऑक्टोबर २०२४ मधे ईडीनं कोल्डप्ले आणि गायक दिलजीत दोसांझच्या तिकिटांवरून बेंगळूरसकट पाच शहरांत छापे टाकले. पैसे पाठवून फसलात तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन, उद्या नाही, पहिल्या तासात कळवलं तर पैसे अडवायची शक्यता असते.

जायचं-यायचं

याचा पण रेट डायनॅमिकच आहे हे आपण विसरतो. शुक्रवारी रात्रीच्या खाजगी बसचं भाडं शो असला, सुट्टी असली की किती होतं ते तुम्हाला सांगायला नको. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होतं), म्हणजे शो चार महिन्यांनी असेल तर आज गाडी मिळणार नाही, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी काढा. बेंगळूरला ऑगस्ट २०२५ पासून इथूनच वंदे भारत आहे, पुण्याला हुबळीची वंदे भारत आपल्यावरून जाते पण रोज नाही, दिवस बघून घ्या.

एसटी आणि वायव्य कर्नाटकच्या बसचा रेट बसल्याबसल्या वाढत नाही हे बरं, पण सीमेवर काही झालं की पहिली बस बंद. फेब्रुवारी २०२५ मधे झालंच की, दोन्हीकडच्या बसला त्रास झाला आणि महाराष्ट्रानं गाड्या थांबवल्या. कॉन्सर्टवाल्याला तुमच्या सीमाप्रश्नाशी घेणंदेणं नाही, तिकीट परत मिळत नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या शोला रेल्वेच धरा, बस फक्त दुसरा पर्याय.

तक्रार करायची असेल तर

रेट वाढवला एवढ्यावर तक्रार टिकत नाही, खाजगी शोचा रेट किती असावा यावर बंधन नाही. कर्नाटकात सिनेमाच्या तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा सरकारनं सप्टेंबर २०२५ मधे आणली तर त्याच महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली, मग कॉन्सर्टचं तर सोडाच. टिकते ती लपवाछपवीची तक्रार: पहिल्या पानावर एक रेट आणि शेवटी दुसरा, न विचारता लावलेला चार्ज, दिसणार नाही अशी सीट न सांगता विकली, शो रद्द आणि पैसे नाहीत. आधी कंपनीला ईमेल, फोन नाही, कारण लेखी पाहिजे. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिथं मराठीत बोलता येतं आणि कन्नडमधे पण, त्यामुळं इंग्रजीला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. यातच बरेच विषय मिटतात, कंपन्या हेल्पलाईनवरून आलेल्याला जरा लवकर उत्तर देतात.

तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे बेळगावातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर केस ऑनलाईन भरता येते, वकील पाहिजेच असं नाही. मुदत दोन वर्षं. कागद इंग्रजीत केलेले बरे, आणि सोबत ते स्क्रीनशॉट, बँकेचा मेसेज, ईमेलची उत्तरं, तारखेप्रमाणं लावून.

आणि ग्रुपमधला तो "बघू तेव्हा"वाला ऐनवेळी गळाला तर त्याचं तिकीट ज्या रेटला घेतलंय त्याच रेटला द्या, अ‍ॅपमधल्या ट्रान्स्फरनंच द्या. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ कुठंतरी कुणीतरी शोधत असतोच, ग्रुपवर टाकलं की तासात जातं.